कोपऱ्यातला कॉफीचा डाग

मित्रांनो, माझ्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, एक तपकिरी डाग आहे. येणारा प्रत्येक जण तो पुसायला बोट पुढे करतो, पण तो पुसला जात नाही, कारण तो काचेच्या आत आहे. तो कुणी पाडला आणि मी तो इतकी वर्षं का जपला, तेवढंच आज सांगतो.

मी एक मॉनिटर आहे, आता म्हातारा झालेला. पण घरोघरी भिंतीवर टांगलेल्या टीव्हीच्या जातीचा मी नव्हे. टीव्ही माणसाला खूश करायला जन्मतो. आकाश असेल त्याहून निळं दाखवतो आणि टोमॅटो असेल त्याहून लाल. मला घडवणाऱ्यांनी मला एकच शिकवण दिली: जे आहे तेच दाखवायचं. चित्रपट कापून-जोडून झाला की त्याचे रंग माझ्यासमोर बसून ठरवतात, म्हणून कारखान्यात माझे रंग यंत्राने मोजले, कमीजास्त केले, पुन्हा मोजले आणि मगच मला खोक्यात घातलं.

ते खोकं उघडलं दूर उत्तरेकडच्या थंड मुलखात, एस्बियर्गच्या बंदरावर, मासेमारीची जाळी विकणाऱ्या जाळीवाल्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथे प्रेबेन नावाच्या गृहस्थांचा छोटा स्टुडिओ होता. माझी खोली आतली, बिनखिडकीची. भिंती राखाडी, खुर्ची राखाडी, आणि माझ्यासमोर बसणाऱ्या रिग्मोरबाईंचा स्वेटरसुद्धा राखाडी. लाल स्वेटरची झाक काचेवर पडते आणि नजर बिघडते, म्हणून त्यांनी राखाडीचा नेमच धरला होता. माझ्या पाठीमागे एक मंद पांढरा दिवा असे. बाकी सगळा अंधार.

बाई सकाळी आल्या की आधी मला सुरू करत आणि मग जाळीवाल्याकडे कॉफी प्यायला जात. कॉफी तिकडेच. खोलीत थेंबही आणायचा नाही. मी तापून स्थिर होईपर्यंत त्या माझ्यावर विसंबत नसत, आणि त्यांनी असं थांबावं याचा मला फार अभिमान वाटे.

मग काम सुरू होई. संगणकावर त्या चार चौकोन ओळीने मांडत. पहिल्यात प्रकाश: काळं काळं दिसायला हवं आणि पांढरं पांढरं. दुसऱ्यात राखाडी: चित्रीकरणाच्या वेळी प्रत्येक प्रसंगाआधी कॅमेऱ्यासमोर एक राखाडी पुठ्ठा धरतात. तो माझ्यावरही राखाडीच दिसायला हवा. त्यात निळं-पिवळं शिरलं असेल तर ते काढून टाकायचं. तिसऱ्यात जुळणी: दृश्य बदललं तरी माणसाचा चेहरा त्याच माणसाचा राहिला पाहिजे. आणि सगळ्यांत शेवटी, चौथ्या चौकोनात, रंगत: थोडी ऊब, थोडं धुकं, गोष्टीला जे हवं असेल ते. माझ्या खालच्या कडेला रंगांचा एक आलेख नाचत असे. माणसाचा डोळा फसला तरी तो आलेख फसत नसे.

"रंगत शेवटी," बाई स्वतःशीच पुटपुटत. "आधी तोंड धुवायचं, मग पावडर."

मित्रांनो, असा माझा संसार सुखाचा चालला होता. त्या वर्षी मारेनआजींचा चित्रपट आमच्याकडे आला होता. ओहोटी लागली की ट्रॅक्टरला गाडी जोडून माणसांना चिखलातून जवळच्या मांडो बेटावर नेणाऱ्या या आजी. त्यांचा तो शेवटचा हंगाम होता. पुढे बेटावरची पोरंबाळं त्यांना त्या चित्रपटातूनच ओळखणार होती. बाईंनी अर्धा चित्रपट पुरा केला. तो ओला चिखल, ती फिकी वाळू, आजींच्या गालावरचा वाऱ्याने आणलेला लालपणा, सगळं जिथल्या तिथे होतं.

आणि मग प्रेबेनचा जावई आला. त्याचं नाव आस्गेर.

"ही खोली आहे की शवागार?" दारातूनच तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "आणि हे पणजोबा अजून जिवंत आहेत?"

दुसऱ्या दिवशी त्याने मेणबत्त्या आणल्या. आता इथली माणसं मेणबत्तीशिवाय बसत नाहीत, हे मला ठाऊक आहे. आभाळ भरून आलं की लावतात, पाहुणा आला की लावतात, आणि नाही आला तर करमत नाही म्हणून लावतात. पण रंगांच्या खोलीत आजवर कुणी लावली नव्हती. आस्गेरने माझ्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि पाठीमागचा पांढरा दिवा बंद केला.

"आस्गेर, त्या विझव आणि मग बघ," रिग्मोरबाई म्हणाल्या.

"रिग्मोर, तुझं काम छान असतं गं. पण थंड. फडक्यात गुंडाळलेल्या माशासारखं."

"डोळे फसतील तुझे."

"माझे डोळे तरुण आहेत."

बाईंनी प्रेबेनकडे पाहिलं. प्रेबेनने आपल्या बुटांकडे पाहिलं. जावयाला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. बाईंना खालच्या मजल्यावर, दुकानामागच्या खोलीत, जुन्या फिती संगणकावर उतरवून घ्यायला बसवलं, आणि राहिलेला अर्धा चित्रपट आस्गेरच्या हाती आला.

त्याने मला एकदाही तापू दिलं नाही. आल्या आल्या काम सुरू. माझ्या डोक्यावर कॉफीचा मग. खालच्या आलेखाकडे बोट करून म्हणाला, "ही वळवळ कशाला?" आणि तो बंद करून टाकला. बाईंचे चौकोन त्याने उलटे लावले: रंगत पहिली. तीही तयार मिळणारी, 'सोनेरी संध्याकाळ' नावाची. भर दुपारच्या चिखलावर त्याने ती ओतली. मग एके दिवशी फोनवर हसता हसता त्याचा कोपर मगाला लागला आणि कॉफी माझ्या डोक्यावरून आत शिरून थेट कोपऱ्यात उतरली. मला आतून चटका बसला. त्याने बाहीने काच पुसली.

"काही झालं नाही," तो फोनवर म्हणाला. "म्हातारं यंत्र आहे, जाणारच आहे भंगारात."

त्या दिवशी मी सूडाचं व्रत धरलं. त्यात उपास नव्हता, फक्त मौन होतं. तुम्हाला वाटेल, मी रंग बिघडवले असतील. मुळीच नाही. सूड घ्यायला खोटंच बोलावं लागतं असं थोडंच आहे? मेणबत्तीच्या पिवळ्या उजेडात बसलं की डोळ्यांना पिवळं सवयीचं होतं, आणि मग खरा रंग त्यांना निळसर, गारठलेला वाटतो. म्हणून आस्गेर आजींच्या चेहऱ्यात रोज थोडं पिवळं मिसळायचा, थोडं तांबडं मिसळायचा, आणि म्हणायचा, "आता कशी ऊब आली!" तो जेवढं मिसळेल तेवढं मी दाखवत गेलो. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. सावध करणारा आलेख त्याने आपल्याच हाताने बंद केला होता. मी वाट पाहत राहिलो. मित्रांनो, वाट पाहण्यातही एक गोडी असते.

मग त्याने स्वतःच दिवस ठरवला. "मारेनलाच बोलवू या," तो सासऱ्याला म्हणाला. "अर्धा रिग्मोरचा, अर्धा माझा. तिला माझा आवडला की रिग्मोरचा अर्धाही मी पुन्हा रंगवतो, ही खोली माझी आणि हे खोकं भंगारात."

मारेनआजी भर दुपारी आल्या, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून. मागच्या खुर्चीत रिग्मोरबाई येऊन बसल्या, हात मांडीवर ठेवून. आस्गेरने मेणबत्त्या लावल्याच होत्या.

"या कशाला पेटवल्यात?" आजींनी विचारलं.

"जरा ऊब, मारेन. बरं वाटतं."

"तुझ्या घरावर कौलं असतील, पोरा. माझं घर गवताने शाकारलेलं आहे. बोडक्या ज्योतीपाशी आम्ही बेटावरची माणसं बसत नाही." असं म्हणून त्यांनी बोटं जिभेने ओली केली आणि वात चिमटीत धरली. चर्र!

"अगं, पण..."

"पण काय? माझ्या आजोबांचं घर असल्याच उबेने गेलं." दुसरीही चर्र!

आस्गेर पुन्हा काडी ओढणार, तोच प्रेबेन म्हणाले, "राहू दे रे, पाहुणीचं ऐक." जावयाला नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले असतील! त्यांनी चाचपडत माझ्यामागचा पांढरा दिवा लावला. माझ्या अंगातून वीज नव्हे, आनंद धावला.

चित्रपट सुरू झाला. आजी पुढे झुकून बघत होत्या. "हं. हा माझाच चिखल. अगं बाई, नाक किती लाल माझं! पण आहेच ते तसं." त्या हसल्या, आणि मागे बाईही गालात हसल्या. तोवर खोलीतल्या सगळ्यांचे डोळे पांढऱ्या दिव्याला सरावले.

मग चित्रपटाचा मध्य आला. माझ्या काचेवर गाजराच्या रंगाची एक म्हातारी पितळेच्या समुद्रातून ट्रॅक्टर हाकत होती.

"थांबव," आजी म्हणाल्या. "आधीची बाई मी होते. ही कोण?"

"मारेन, तीही तूच."

"मी? हिला कावीळ झालीय, पोरा. ट्रॅक्टरवर काय बसवलंयस, दवाखान्यात ने." मग त्यांचा आवाज उतरला. "बेटावरच्या पोरांनी मला हीच म्हणून लक्षात ठेवायचं का?"

आस्गेर घामाघूम. "हा पडदा बिघडलाय! म्हातारा झालाय. मी सांगतच होतो, भंगारात..."

माझा जीव कोपऱ्यातल्या डागापाशी गोळा झाला. तेव्हा रिग्मोरबाई उठल्या. मोठ्याने बोलल्या नाहीत. "मारेन, माझ्यासाठी फक्त थोडा वेळ," म्हणाल्या, आणि पांढरा दिवा बंद करून त्यांनी दोन्ही मेणबत्त्या पेटवल्या. सगळ्यांचे डोळे त्या पिवळ्या उजेडाला सरावेपर्यंत त्या थांबल्या.

"आता कसं दिसतं, प्रेबेन?"

"आता... आता बरं दिसतंय की!"

"पडदा तोच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी ज्योती विझवल्या, दिवा लावला आणि पुन्हा थांबल्या. हळूहळू ती गाजराची म्हातारी परत आली. "आस्गेर, तो आलेख उघड."

त्याने उघडला. आलेखातला रंगांचा पुंजका आपली जागा सोडून पिवळ्याकडे पार कलंडला होता. इतके दिवस बांधलेलं माझं तोंड अखेर सुटलं, आणि मी भरभरून बोललो.

प्रेबेनचा चेहरा कुठल्याही रंगतीशिवाय लाल झाला. "आस्गेर, तू खाली जा. फिती उतरव."

मला हेच हवं होतं. पण बाई म्हणाल्या, "नको. तो इथेच बसेल."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की सूडात त्या माझ्यापेक्षा किती पुढे होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आस्गेरसाठी एक राखाडी स्वेटर आणला, जाड लोकरीचा, मानेला बोचणारा. स्टुलावर बसवलं. कॉफी जाळीवाल्याकडे, आणि तीही मी तापेपर्यंतच. मग चिखलाचं पहिलं दृश्य.

"झालं," तो म्हणायचा.

"पुठ्ठा बघ."

"राखाडीच तर आहे!"

"आहे का?"

तो बघायचा, मान खाजवायचा, आणि खालच्या आवाजात म्हणायचा, "जरा हिरवट आहे."

"पुन्हा. आधी राखाडी."

बाहेर सगळे राय धान्याच्या काळ्या पावावर मासा घेऊन जेवायला बसलेले, हसण्याचे आवाज येतायत, आणि आत आस्गेर एकेका दृश्याचं तोंड धुतोय. एवढ्या दिवसांत बाईंनी आवाज एकदाही चढवला नाही. दयाही दाखवली नाही. मी माझ्या परीने चिखलातली बारीकातली बारीक चूक त्याला स्पष्ट दाखवत होतो. शेवटचा चौकोन, रंगतीचा, त्यांनी त्याला उघडूच दिला नाही.

आता माझी काच थकली आहे. प्रकाश पूर्वीसारखा पोचत नाही. माझी जागा घेणारा नवा मॉनिटर खोक्यात येऊन पडला आहे. मित्रांनो, म्हणून जाता जाता एवढंच सांगतो. तुमच्या घरातली, कामावरची यंत्रं जपा. त्यांना जागं व्हायला वेळ द्या. त्यांच्या डोक्यावर कप ठेवू नका, आणि ती खरं बोलत असतील तर त्यांचं तोंड बांधू नका. दया म्हणून हे करू नका. आम्ही सगळं बघत असतो, म्हणून करा.

राहता राहिला डाग. मारेनआजींच्या चित्रपटाच्या शेवटी नावं येतात. मधोमध, ठळक: रंग, रिग्मोर थ्युगेसेन. आणि मग उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, बारीक अक्षरात: साहाय्य, आस्गेर. ते बाईंनीच दिलं होतं, आणि जागाही त्यांनीच निवडली होती. बेटावरच्या सभागृहात ते नाव सगळ्यांनी वाचलं म्हणे. माझ्यावर मात्र आस्गेर आजही ती नावं लावून आपलं नाव शोधायला वाकतो, बोटाने काच घासतो, डोळे बारीक करतो.

त्याला तिथे फक्त त्याची कॉफी दिसते.