शांत लेकरू

प्रभाकररावांच्या भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या गंज-पातेल्यांची छताला टेकलेली चळत कोसळली, तेव्हा पुलगावच्या बाजारातली अर्धी गल्ली दचकली. समोरचा कापडवाला हातातलं ठाण टाकून दारात आला. गिऱ्हाईक म्हणून बसलेल्या तानाबाईंच्या लुगड्यावर चहा सांडला. शिडीवर चढलेला प्रफुल वरूनच ओरडला, "कोणाले लागलं काय?"

लागलं कोणालाच नव्हतं. गल्ल्याशेजारच्या जाड गादीवर प्रफुलचा सव्वा वर्षाचा हर्षित पाठमोरा बसला होता. हातभर अंतरावर एवढा गदारोळ झाला, तरी तो लाकडी डाव चाटत राहिला. त्याने मान वळवली नाही.

"पाहा!" प्रभाकररावांना नातवाचं कौतुक करायला आयतं निमित्त मिळालं. "याले म्हणतात संस्कार. जन्मल्यापासून राग ऐकून राह्यला पोट्टा. डोकं कसं थंड आहे पाहा. पुढे मोठा हुशार निघते."

"हो ना जी," तानाबाई पदर झटकत म्हणाल्या, "आमच्या घरचं तर झाकणी पडली तरी भोकाड पसरते."

आतल्या दारात सून रक्षा दुधाचा पेला घेऊन उभी होती. ती पडलेल्या भांड्यांकडे पाहत नव्हती, पोराच्या पाठीकडे पाहत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. प्रभाकररावांनी तो पाहिला आणि मुद्दाम तानाबाईंच्या परातीचा भाव सांगायला घेतला.

प्रभाकररावांचा सगळा जन्म भांड्यांच्या खणखणाटात गेला. गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण रक्षाला दिवस गेले तेव्हा वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्यांनी वाचलं, की शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या मुलांची बुद्धी तल्लख होते आणि मन शांत राहतं. झालं, दुसऱ्या दिवशी काळा उभा स्पीकर घरात आला. सकाळी बासरी, संध्याकाळी सतार. कोणता राग ते मोबाइलवर लिहिलेलं असायचं, त्यावर त्यांचा भरवसा. रांगायला लागल्यावर हर्षित त्या स्पीकरपाशी जायचा, त्याच्या जाळीवर तळहात ठेवायचा आणि डोळे मोठे करून बसून राहायचा. "कान तयार होऊन राह्यला," प्रभाकरराव गल्लीभर सांगायचे. त्यांच्या बायकोचं, कौशल्याबाईंचं मत वेगळं होतं. "लेकराचं मले माहीत नाई," त्या म्हणायच्या, "पण तुमचं बीपी मात्र उतरलं." आणि ते खरंच होतं. स्पीकर लावला की प्रभाकररावांना अर्ध्या तासात डुलकी लागायची.

दुपारी सगळे जेवायला बसले, तेव्हा रक्षाने सासऱ्यांपुढे विषय काढला.

"मामाजी, मी उद्या याले वर्ध्याले घेऊन जाणार आहो. मोठ्या दवाखान्यात. कान तपासाले."

प्रभाकररावांचा घास हातातच राहिला. "कायले? काय झालं त्याच्या कानाले?"

"त्याले ऐकू येऊन नाई राह्यलं."

"काही पोट्टे उशिरानं बोलतात अवं," प्रफुल म्हणाला. "मी बी उशिराच बोललो."

"तुम्ही उशिरा बोलले. पण हाक मारली तर पाहत होते नं? विचारा आईले."

कौशल्याबाईंनी कोणी न मागता सगळ्यांच्या ताटात वरण वाढलं.

"हे पाय रक्षा," प्रभाकररावांचा आवाज चढला, "माह्या सात पिढ्यांत कोणी बहिरं नाई झालं. तुह्या माहेरी कोणी असंन तर सांग."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं, पण धनुष्यातून सुटलेला बाण परत येत नाही. रक्षा रडली नाही. ती म्हणाली, "उष्टवणाच्या दिवशी पाहुण्यांच्या पोट्ट्यांनी फुगे फोडले, तवा बी हा हालला नाई. तवा बी मी सांगितलं. तुम्ही म्हणाले, चांगल्या दिवशी अभद्र बोलू नको. मी चूप बसली. आता नाई बसत."

ती ताट उचलून आत गेली. त्या घरात सासऱ्याच्या आधी ताटावरून उठलेली ती पहिलीच सून. प्रफुल एकदा बापाकडे आणि एकदा दाराकडे पाहत राहिला.

प्रभाकररावांना त्या दुपारी डुलकी लागली नाही. शटर अर्धं खाली होतं, बाजार सुस्तावला होता, हर्षित गादीवर झाकणांशी खेळत होता. त्यांच्या मनात आलं, आपणच पाहू. गिऱ्हाईक घागर निवडायला आलं की ते बोटांच्या पेरांनी टिचकी मारायचे, आणि नुसत्या आवाजावरून कुठे चीर आहे ते सांगायचे. मग नातवाचं एवढं कळणार नाही?

त्यांनी पितळी घागर उचलली, चवड्यांवर चालत पोराच्या पाठीमागे गेले आणि हळूच टिचकी मारली. हर्षित खेळतच राहिला. त्यांनी वजनाच्या मापाने जोरात ठोकलं. हर्षितने चटकन मान वळवली आणि आजोबांना पाहून तोंडभर हसला.

"ऐकलं! ऐकलं नं माह्या वाघानं!" प्रभाकररावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "कौशल्या! ये इकडे, पाय!"

पण दारात रक्षा होती. ती केव्हापासून उभी होती कोणास ठाऊक.

"सावली पडली तुमची, मामाजी," ती म्हणाली. "गादीवर. ते पाहून वळला तो."

शटरखालून येणारी उन्हाची तिरीप खरंच त्यांच्या पाठीवर होती. आणि आवाज चढवायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. ते अंधाऱ्या बाजूला सरकले. सावली गादीवर पडत नाही ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं. मग घागर ठोकली. पुन्हा ठोकली. समोरचा कापडवाला ओरडला, "प्रभाकरराव, झोपू द्या नं भाऊ!" हर्षित एका झाकणावर दुसरं झाकण ठेवत होता. ते नीट बसलं म्हणून खुश झाला होता.

प्रभाकररावांनी घागर खाली ठेवली. रक्षाने येऊन पोराला उचललं आणि ती आत गेली. तिने टोचून बोलायला हवं होतं असं त्यांना वाटलं. तेवढंच बरं वाटलं असतं.

सकाळी रक्षा आणि प्रफुल निघाले, तेव्हा प्रभाकरराव इस्त्रीचा सदरा घालून आधीच ऑटोत बसलेले होते. त्यांना कोणी या म्हटलं नाही आणि उतराही म्हटलं नाही.

दवाखान्यात औषध पाजून हर्षितला झोपवलं, डोक्याला तारा चिकटवल्या. प्रभाकरराव काचेबाहेर उभे राहून पडद्यावरच्या रेषा पाहत होते. त्यांना वाटत होतं, एखादी तरी रेष उसळेल.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी उगाच आढेवेढे घेतले नाहीत. "दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. बहुतेक जन्मापासूनच. आधी यंत्र लावून बघू, नाहीतर ऑपरेशनचा विचार करावा लागेल. हे जितक्या लहान वयात होईल, तितकं बोलणं चांगलं येतं."

"पण तो गाणं लावलं की शांत बसते जी," प्रभाकरराव म्हणाले. "स्पीकरवर हात ठेवून."

"हाताला थरथर कळते, काका. ती आवडत असेल त्याला."

"त्या रागांनी काही बिघडलं काय?"

"नाही हो. गाण्याने बुद्धी वाढते की नाही ते मी नाही सांगू शकत. ऐकणाऱ्याला बरं वाटतं, एवढं खरं." मग त्यांनी रक्षाकडे पाहिलं. "पहिल्यांदा शंका कधी आली तुम्हाला?"

प्रफुल खाली पाहू लागला. रक्षाने एकदा सासऱ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

"आत्ताच," ती म्हणाली. "काल दुकानात भांडे पडले, तवा."

प्रभाकररावांना गप्प राहता आलं असतं. सुनेने झाकण घातलं होतं, आणि ते उघडायला कोणी येणार नव्हतं.

"नाई, डॉक्टर," ते म्हणाले. "हिनं उष्टवणातच सांगितलं होतं. मी येऊ देलं नाई. सात-आठ महिने माह्यापायी गेले. तसंच लिहा."

डॉक्टरांनी तसं लिहिलं. रक्षाच्या डोळ्यांतून तेव्हा कुठे पाणी आलं.

हर्षित जागा व्हायला, हुशार व्हायला दुपार झाली. यंत्राची चौकशी करायला रक्षा आणि प्रफुल खिडकीपाशी थांबले, तेवढ्यात नुकता चालायला लागलेला तो पोरगा बाकाचा आधार सोडून निघाला. समोर जिना होता, खाली उतरणारा.

"हर्षित!" प्रभाकरराव ओरडले.

व्हरांड्यातल्या सगळ्या लोकांनी वळून पाहिलं. हर्षित चालत राहिला.

ते धावले. चप्पल निघाली, कोणाची तरी पिशवी लवंडली. पहिल्या पायरीशी त्यांनी त्याला गाठलं, पण मागून झडप घातली नाही. बाजूने पुढे गेले, कठड्याला धरून दोन-तीन पायऱ्या खाली उतरले आणि वळून उभे राहिले. आता त्यांचा चेहरा पोराच्या चेहऱ्याच्या बरोबर समोर होता.

हर्षित थांबला. त्याने त्यांना ओळखलं. प्रभाकररावांना धाप लागली होती, आणि इतक्या जवळून आपण नातवाचे डोळे कधी पाहिलेच नव्हते असं त्यांना वाटलं. त्यांनी हाक मारली नाही. नुसते दोन्ही हात पुढे केले आणि तो येईपर्यंत वाट पाहिली. जिन्यावरचे लोक त्यांना वळसा घालून वर-खाली जात होते.