बिसाहिन दाई काय बोलली

सुजय मूळचा नागपूरचा. आन् नागपूरच्या मानसाचं बोलनं 'बे'वर येऊन थांबलं नाही तं त्याले जेवन पचत नाही. चाल बे, बस बे, चहा पे बे. भिलाईच्या स्टील प्लांटमधी साहेब म्हनून लागला, सेक्टर 2 मधी क्वार्टर भेटलं, बायको गीतांजली संग आली, पन 'बे' काही सुटलं नाही.

पहिल्यांदा माह्या वेल्डिंगच्या दुकानात आला तवा गाडीच्या पोटाखाली लोखंडी पट्टी बसवाची होती. नवी कोरी डर्ट बाइक, उंच, बकरीसारखी. म्हने, "मजबूत बसव बे, दगडावर आपटते."

मी वर पाह्यलं. म्हनलं, "साहेब, इथं भिलाईत अनोळखी मानसाले 'बे' म्हनलं तं लोकं कॉलर धरतात."

"मंग धर बे," म्हने.

आता असा मानूस भेटल्यावर काय करता? मी चहा मांगवला. तिथून दोस्ती.

तिसरा शामसुंदर. प्लांटच्या कोक ओव्हनमधी काम करते, पोट एवढं की गाडीच्या टाकीवर ठेवूनच चालवते. त्याची गाडी जुनी, माही तं त्याच्याहून जुनी, मीच कापून-जोडून उभी केलेली. सुट्टी जमली की शनिवारी दुपारी सिविक सेंटरले समोसे हानाचे, जामुल पार कराचं, आन् डांबर संपलं की मंग मजा. शेताच्या धुऱ्यावरून, नाल्यातून, मुरमाच्या खड्ड्यातून. मुक्काम शिवनाथ नदीकडच्या एका गावात, शामसुंदरच्या साळ्याच्या बाडीत, म्हनजे घरामागच्या वाडीत. रविवारी वापस. घरी बायको म्हने, "म्हातारपनी कावून हाडं मोडून घेऊन राह्यले?" मी म्हनो, "हाडं माहीच हायेत ना वो."

मोडली सुजयची.

फेब्रुवारी होता. धान कापून झालेलं, त्याच वावरात लाखोडी हिरवीगार पसरलेली. रविवारी सकाळी बाडीतून निघालो, नदीपर्यंत जाऊन मंग घरचा रस्ता धराचा होता. सुजय नेहमीसारखा समोर. मधात शामसुंदरची चेन उतरली. म्हनून आमी दोघं थांबलो, मी चेन चढवत होतो. सुजय थोडा पुढं जाऊन उभा राह्यला, तिथं रस्त्याले दोन फाटे होते.

मधल्या वावरात एक म्हातारी लाखोडीची भाजी खुडून राह्यली होती. सुजयनं तिले काहीतरी विचारलं. डोक्यात हेल्मेट, गाडी चालूच. म्हातारीनं हात हालवला, काहीतरी बोलली. आमाले दुरून आयकू नाही आलं. सुजयनं तिले हात वर करून राम-राम केला आन् गाडी डावीकडच्या फाट्यावर घातली.

मंग म्हातारी धावाले लागली. पदरातला भाजीचा ओटा सुटला, हिरवी पानं मागं सांडत गेली, आन् ते ओरडत होती. मले वाटलं, काही चोरलं का यानं हिचं.

तो फाटा पुढं कापलेला होता. हिवाळ्यात ईटभट्टीवाल्यांनी माती काढून नेली होती, रस्त्यासकट. वरून काहीच दिसत नव्हतं, फक्त चढ दिसे. चढावर गाडी हवेत उडवाची तं सुजयले लय हौस.

आमी पोचलो तवा म्हातारी आमच्या अगोदर खाली उतरून त्याच्यापाशी बसली होती. आपल्या पदरानं त्याच्या तोंडावरची माती पुसत होती. गाडीचं मागचं चाक फिरूनच राह्यलं होतं. सुजय शुद्धीवर होता. मले म्हने, "केवल, पाय कुठी हायेत बे माहे?"

पाय तिथंच होते. त्याले समजत नव्हते.

पाठीचा मनका. ऑपरेशन झालं, जगला. डॉक्टर म्हने, पायात जीव येऊ शकते, पन मेहनत लागन, आन् मेहनत यालेच करा लागन. कसरत करवाले एक मॅडम रोज क्वार्टरवर याले लागली. सुजय पलंगावर पडून छताकडे पाहे. मॅडम म्हने, जोर लावा. तो म्हने, लावूनच राह्यलो. पन लावत नव्हता, हे आमाले सगळ्याईले दिसे.

मंग एक दिवस त्यानं मले जवळ बलावलं. म्हने, "केवल, मले सांग, त्या बुढीचं मी काय बिघडवलं होतं?"

"कोनती बुढी?"

"तेच, वावरातली. मी गाडी थांबवून विचारलं, ये रास्ता नदी को जाता है क्या. ते सरळ म्हने, जा बे. मी मनात म्हनलं, वा, आपल्याकडचीच दिसते. तिले ठाऊक होतं ना पुढं खड्डा हाय? भाजी तं रोजच तोडत असन तिथं. मंग कावून म्हनली जा बे?"

मी म्हनलं, "असन काही."

"असन काही नाही. मी उभा होईन, तिच्या दारात जाईन, आन् तिले विचारीन."

त्या दिवसापासून तो जोर लावाले लागला. घामानं गादी भिजे. दात खाऊन म्हने, "जाऊन विचारतो तिले." मॅडम खूश. मंग डाव्या पायाचा अंगठा हालला. गीतांजली वहिनीनं मले दुकानात फोन केला, बोलता येत नव्हतं तिले, नुसती रडत होती. मी हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला आन् तिथंच स्टुलावर बसून राह्यलो.

पन शामसुंदरच्या तोंडाले झाकन नाही. सुजय काय बोलला ते त्यानं साळ्याले सांगितलं, साळ्यानं गावात सांगितलं. साहेबाले म्हातारीनं खड्ड्यात धाडलं. गाव लहान, म्हातारी एकटी, नवरा नाही, लेकरू नाही. कोनीतरी एक शब्द काढला, टोनही. आपल्याकडं चेटकीन म्हनतात तसं. छत्तीसगढमधी हा शब्द एकदा बाईले चिपकला की वेल्डिंगसारखा चिपकते, तोडा लागते, सुटत नाही.

मले हे कळलं साळ्याकडूनच. तो जामुलच्या बजारात आला होता. मोठ्या चवीनं सांगे, "भैया, अब उसकी भाजी कोई नहीं लेता. हैंडपंप पे भी औरतें उसको आते देख के हट जाती हैं."

मी दुसऱ्याच दिवशी दुकान बंद करून गेलो. एकटा. म्हातारीचं नाव बिसाहिन. लोकं दाई म्हनत, आता काहीच म्हनत नव्हते. मातीचं घर, अंगन शेनानं सारवलेलं, स्वच्छ. मले पाह्यल्याबरोबर तिनं पहिलं विचारलं, "ओ बाबू कइसे हे?" तो पोरगा कसा हाय.

म्हनलं, "जित्ता हाय. दाई, त्या दिवशी त्यानं तुमाले रस्ता विचारला, तवा तुमी काय बोलल्या? जसं बोलल्या तसंच सांगा."

"कहेंव, ए डहर झन जाबे बेटा, आगू मा खंचवा हे."

मी तिच्याकडून तेच पुन्हा म्हनवून घेतलं.

जे भिलाईत वाढले त्याईले सांगाले नको. 'झन' म्हनजे नको. 'जाबे' म्हनजे जाशील. 'झन जाबे' म्हनजे जाऊ नको, पुढं खड्डा हाय. आन् सुजय नागपूरचा. हेल्मेटमधी, इंजनच्या आवाजात 'झन' बुडला, पुढचं खंचवा-बिंचवा त्याले समजनारं नव्हतं, आन् राह्यलं काय, तं 'जा बे'. त्याचंच. रोज दिवसभर तो जे दुसऱ्याईले म्हने, तेच त्याले आयकू आलं. म्हनून तं खूश होऊन त्यानं हात वर केला.

दाई म्हने, "ओ हाथ उठाइस, मैं समझेंव, समझ गे." त्यानं हात वर केला, तिले वाटलं समजला. मंग पदर तोंडाले लावून बसली. म्हने, "मोर का दोस हे, बाबू?" माहा काय दोष.

मी तिले घेऊन तडक कोटवाराकडं, म्हनजे गावच्या कोतवालाकडं, गेलो. चार मानसं जमली. मी समजावून सांगितलं. कोटवार चांगला मानूस, पन तोही मान हालवे. म्हने, तुमी तं त्याचे दोस्त, म्हातारीवर दया करून राह्यले असान. ज्यानं आयकलं त्यानंच म्हनलं की तिनं धाडलं. आता तोच सोता म्हनन तवा गाव मानन.

वापस येताना सुजयकडं सरळ गेलो नाही. अगोदर गीतांजली वहिनीले बाहेर बलावलं. क्वार्टरसमोर तिनं लावलेली शेवंती सुकली होती, पानी घालाले कोनाले फुरसत. तिले सगळं सांगितलं.

तिनं आयकून घेतलं. मंग म्हनली, "केवल भाऊ, त्यांना सांगू नका."

"वहिनी, तिकडं त्या म्हातारीले..."

"मला समजतंय. पण तुम्ही पाहिलं ना, अंगठा कशानं हलला? औषधानं नाही. तिच्यावरच्या रागानं हलला. हा राग काढून घेतला तर यांच्याकडे राहिलं काय?"

"आन् दाईचं काय?"

"थोडे दिवस. पाय उचलला की मी स्वतः सांगते. हात जोडते तुम्हाला."

जवान बाई, माह्यासमोर हात जोडून उभी. मी घरी आलो. जेवलो नाही. बायको म्हने, "काय झालं?" तिले सांगितलं. ते भाकर थापत होती, थापता थापताच म्हनली, "टोनही म्हनलेल्या बाईले थोडे दिवस नसतात जी. एखाद्या दिवशी कोनाचं लेकरू बिमार पडन, मंग काय करान?"

मी आठ-दहा दिवस काढले तसेच. दुकानात जे जोडाले घेतलं ते वाकडं. मंग खबर आली, गावात एकाची गाय मेली, आन् रात्रीतून कोनीतरी दाईच्या दारावर गोटे मारले. मी दुकानाचं शटर अर्ध्यावर सोडलं आन् सेक्टर 2 गाठलं.

सुजयची कसरत चालू होती. मले पाहून म्हने, "ये बे, पाहा, टाच उचलून राह्यलो." खरंच उचलत होता. केसाएवढी. गीतांजली दारात उभी होती. तिनं माह्याकडं पाह्यलं आन् समजली. आत जाऊन नळ सोडून बसली.

मॅडम गेल्यावर मी म्हनलं, "सुजय, दाईनं तुले 'जा बे' नाही म्हनलं."

"मी आयकलं ना."

"तू अर्धं आयकलं. ते म्हने, झन जाबे. इथल्या बोलीत झन म्हनजे नको."

तो हासला आधी. म्हने, "काय फेकते बे." मंग माह्या तोंडाकडं पाहत राह्यला.

"म्हन बरं पुन्हा," म्हने.

"झन जाबे."

"तिच्यासारखं म्हन. भरभर."

मी म्हनलं. त्यानं डोळे मिटले. ओठ हालत होते, आवाज नाही. किती वेळ तरी तो शब्द तोंडात फिरवून पाहत होता, तिथं हेल्मेट घालून उभा असल्यासारखा.

"मी तिले हात दाखवला होता," म्हने. "थँक्यू म्हनून."

"हो."

"आन् ते धावली कावून, ते मले अजूनपर्यंत समजतच नव्हतं."

मंग मी गावातलं सांगितलं. टोनही, हैंडपंप, गोटे. त्याचं तोंड पांढरं पडलं. म्हने, "फोन लाव."

कोटवाराले लावला. कोटवारानं चौकातल्या पिपळाखाली स्पीकर चालू केला, लोकं गोळा केले, दाईलेही बलावलं. सुजय साहेबाच्या आवाजात बोलला, जसा प्लांटमधी मजुराईसमोर बोलते तसा. "दाई ने मुझे मना किया था. साफ मना किया था. मैंने नहीं सुना. उसकी कोई गलती नहीं है. मेरे पास सबसे पहले वही दौड़ के आई." मंग म्हने, "किसी ने उसको कुछ बोला तो समझना मुझको बोला."

तिकडून कलकल झाली. मंग दाईचा आवाज आला, फोनच्या लय जवळून, "बने रह बेटा." बरा राह, पोरा.

गावानं मानलं. सगळ्याईनं नाही, पन मानलं. मी मंग एकदा गेलो तं हैंडपंपवर एक बाई दाईचा हंडा उचलून देत होती. शामसुंदर सोता जाऊन भाजी घेऊन आला, एवढी की त्याच्या बायकोनं अर्धी शेजाऱ्याईले वाटली.

आन् सुजयनं जोर लावनं सोडलं.

भांडला नाही, रडला नाही. मॅडम म्हने लावा, तो म्हने हो. पाय तसाच. कोनाच्या दारात जाऊन विचाराचं होतं, ते आता काही उरलंच नव्हतं. राग कराले दुसरं कोनी नव्हतं, आन् सोतावर राग धरला तं तो आत जाते, पायात येत नाही. टाच जी उचलत होती तेही थांबली. मॅडमनं हप्त्यातून कमी येनं चालू केलं. गीतांजली माह्याशी बोलते, चहा देते, पन पहिल्यासारखं केवल भाऊ म्हनत नाही. तिचं चुकलं असं मी म्हननार नाही.

सुजयची गाडी माह्या दुकानात मागं उभी हाय, हँडल वाकडं तसंच. सरळ कराले मले किती वेळ लागन? पन हात लागत नाही.

आता रविवारी आमी गाड्या नाही काढत. मी सेक्टर 2 ले जातो. मॅडमकडून शिकून घेतलं, पट्टा कसा बांधाचा, गुडघ्याखाली हात कसा द्याचा. सुजय बोलत नाही फारसा. एक गोष्ट तुमाले सांगतो, तो आता कोनालेच 'बे' म्हनत नाही. मलेच म्हना लागते.

मागच्या रविवारी पट्टा बांधला, म्हनलं, "उचल बे, साहेब."

तो छताकडं पाहत होता. हळूच म्हने, "झन कर, केवल."

बरोब्बर म्हनला, इथल्या मानसासारखा. मी तसं दाखवलं, जसं मले त्यातलं अर्धंच आयकू आलं. कर केवल. आन् त्याचा पाय उचलून धरला.