दहा वाजेपर्यंतची ऊब

मी साठ वॅटचा पिवळा बल्ब बोलतोय. बिबवेवाडीतल्या एका सोसायटीच्या जिन्याखाली, आंब्याच्या रिकाम्या पेटीवर मला टांगलंय. वेळ थोडा आहे, म्हणून जन्मकथा आवरती घेतो. कारखाना, दुकान, मग इथल्या मीटरच्या खोलीत बारा वर्षं. एलईडी आले आणि "हा नुसता तापतो, वीज खातो" म्हणून मला फळीवर टाकलं. खोटं नव्हतं ते, पण लागलं.

परवा इथली कुत्री गाडीखाली गेली. मागे दोन दिवसांची तीन पिल्लं राहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या तनयाने त्यांना फडक्याने उचलून पेटीत ठेवलं आणि थंडी वाजू नये म्हणून वर लखलखीत एलईडी लावला. बिचारीला वाटलं, उजेड आला म्हणजे ऊब आली.

आज सकाळी ती ड्रॉपरमध्ये दूध घेऊन आली. "दशरथकाका, किती शांत झोपलीत बघा."

वॉचमन दशरथने पेटीत हात घातला आणि त्याचा चेहरा उतरला. "झोपली नाय ताई, गारठलीत. एवढ्याशा जिवाला कापरं बी भरत नाय, नुसतं वरडणं बंद होतं. दूध ऱ्हाऊ द्या, गार पोटात पचायचं नाय. आधी ऊब."

"पण लाइट चालू होता ना, काका."

"त्याच्याखाली हात धरून बघा."

तिने धरला, आणि ती रडायलाच लागली.

एक पिल्लू गेलं होतं. दशरथने मला धावत आणलं आणि पेटीच्या एका कोपऱ्यावर लावलं, म्हणजे फार तापलं तर पिल्लांना सरकायला जागा. थोड्या वेळाने उरलेली दोघं मिटल्या डोळ्यांनी माझ्या बाजूला सरपटत आली आणि एकमेकांवर चढून पडली. धाकटं कुंईकुंई करायला लागलं. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

पण आज गुरुवार. दुरुस्तीसाठी दहाला वीज जाते, ती येते थेट दुपारी. माझी तार झिजलीय, पुन्हा पेटताना ती तुटणार हे मला पक्कं ठाऊक आहे. दशरथ गेटवर गेलाय, वाराची आठवण त्यालाही नाही. तनया पेटीशी बसून मोबाइलमध्ये काहीतरी शोधतेय. पिल्लांना हात लावायचा तिला धीर होत नाही, कारण कुत्र्याला शिवायचं नाही असं आईने बजावलंय.

दहाला चार मिनिटं कमी आहेत. पोरी, माझ्यावर भिस्त ठेवू नकोस, मी विझणार आहे. हूडीची चेन उघड आणि दोघांना पोटाशी धर. आई ओरडेल, ओरडू दे. तुझ्या अंगाची ऊब गुरुवारी जात नाही.

माझ्याकडे काय बघतेस? पेटीत बघ.