चार वाजताची टकटक

आग लागो त्या डबड्याले! तीन दिवस झाले, रोज चार वाजता तेच. आधी टक, मंग टकटक, अन् डिस्क गायब. पुण्याहून साकेत फोनवर विचारते, "आई, डिस्कचा लाईट लागला का?" लागला रे बापा, पण नुसता मिचकावून राह्यला.

साकेत माझा पोरगा. मागच्या दिवाळीत आलता तवा टीव्हीखालच्या फळीवर त्यानं हा सर्व्हर मांडून दिला. सर्व्हर म्हणजे काय, साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर अन् वायरीनं जोडलेली डिस्क. तिच्यावर यांची भजनं हायेत. एकोणीस वर्षं कळंबात दर चतुर्थीले चिंतामणीपुढं गायले हे. तो तंबाखूचा खर्रा सोडा, खर्रा सोडा, म्हणून मी कंठशोष केला, पण ऐकते कोण? औंदा पावसाळ्यात नागपूरले गळ्याचं ऑपरेशन झालं अन् आवाजच गेला. आता पाटीवर खडूनं लिहितात. माझ्या नवऱ्याचा आवाज फक्त त्या डिस्कवर हाये, दुसरीकडं कुठंच नाही. साकेत रोज दुपारी तीनच्या सुट्टीत फोनवरून कॉपी करायले लावते, अन् ती रोज मधातच तुटते. डिस्क अशीच टकटकून मेली तर? मले रडू येते, अन् रडू आलं की मी भांडते.

साकेत म्हणे, वायर बदल. बदलली. मंग म्हणे, डिस्कले पुरेसा करंट भेटत नाही, स्वतःचा अडॅप्टर असलेला हब, म्हणजे वायरी खोचायची चार भोकांची डबी, आण. बसस्टँडजवळचे नासिरभाऊ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात, त्यांनी सकाळीच घरी येऊन हब लावून दिला. डिस्क कशी शहाण्या पोरीसारखी फिरली! चारले रोजच्यासारखी लाईन गेली, इन्व्हर्टर सुरू झाला, अन् पुन्हा टक.

"इन्व्हर्टरच भैताड हाये," मी फोनवर साकेतले म्हटलं.

त्यात गल्लीतले लोक दारात. इन्व्हर्टर आमच्याच घरी, म्हणून लाईन गेली की चंदाबाई, रामलाल, हरिसिंग, सारे मोबाईल घेऊन येतात. औंदा बोंडअळीनं कापूस खाल्ला, राहिल्या-साहिल्याचा भाव विचारायले फोन तर चालू पाह्यजे! मी कोणाले नाही म्हणत नाही. जिथं भोक दिसन तिथं चार्जिंगले लावून देते.

तेवढ्यात हे पाटी घेऊन समोर उभे. "तुमचं मंग पाहू," म्हणून मी पदरानं पाटी पुसून टाकली. काल पुसली, परवाही पुसली. इथं जीव टांगणीले लागला अन् यांना काहीतरी सांगायचंच राह्यते.

चौथ्या दिवशी मी नासिरभाऊंना चारलेच बोलावलं. लाईन गेली, मोबाईल आले, डिस्क टकटकली. त्यांनी इन्व्हर्टर तपासला.

"काकू, हा एकदम ठीक हाये. हबमधी हे मोबाईल कोनाचे?"

"गल्लीतले. हब यायच्या आधी सर्व्हरलेच लावत होती. काहून?"

ते काही बोलणार, तेवढ्यात हे पाटी घेऊन मधात आले. माझा हात पदराकडं गेलाच होता, पण नासिरभाऊंनी पाटी धरली अन् मोठ्यानं वाचलं, "मोबाईल काढ. डिस्कचा करंट ते खाऊन राह्यले." मंग म्हणाले, "काका बरोबर लिहून राह्यले, काकू. कवापासून?"

यांनी तीन बोटं दाखवली.

मी भराभर मोबाईल उपटले अन् भिंतीवरच्या बोर्डात लावले. डिस्क फिरायले लागली. सहा वाजता कॉपी पुरी झाली, तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

खात्री करायले नासिरभाऊंनी एक भजन लावलं. घरचा रियाज होता. यांचा आवाज, भरलेला, खणखणीत. अन् मधातच माझा आवाज, "अहो, चहा ठेवू का?"

डिस्कवरचं गाणं थांबलं, अन् तिच्यातूनच हे बोलले, "कुंदे, मधात नको बोलू व! आधी ऐकून तर घे."

नासिरभाऊ मान वळवून वायरी गुंडाळायले लागले. यांनी पाटी मांडीवर घेतली, हळूहळू लिहिलं अन् माझ्यासमोर धरली. मी दोन्ही हात मागं बांधले अन् पुरं वाचलं.

"आता ठेव चहा."