सहाव्या जागेची चूक

पोरींच्या बेसबॉल मॅचला येणारे आईबाप मला डोळ्यांसमोर नको होतात. पोरी धूळ खात पळतात आणि हे कुंपणाला नाक लावून ओरडतात. चेंडू दुसऱ्याच्या पोरीने सोडला तर ती आंधळी, आपलीने सोडला तर ऊन डोळ्यांवर आलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी त्यांच्यापासून चार हात लांब, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून स्कोअर लिहिते.

हे काम माझ्याकडे आलं ते माझ्या नोकरीमुळे. एकोणीस वर्षं मी ट्रकच्या वजनकाट्यावर आहे. काटा दाखवेल तो आकडा लिहायचा. ड्रायव्हर चहाचा ग्लास पुढे करतात, "मॅडम, शंभर किलो इकडचे तिकडे करा की." मी चहा परत पाठवते. हे ऐकून कोच म्हणाले, वही तुम्हीच धरा. माझी भाची संघात आहे. ती मला आत्या म्हणते, म्हणून सगळ्याच पोरी आत्या म्हणतात.

वही सोपी असते. बॅटरने चेंडू मारला आणि ती स्वतःच्या जोरावर बेसवर पोहोचली, की हिट. क्षेत्ररक्षण करणाऱ्या पोरीने सोपा चेंडू सोडला म्हणून पोहोचली, की एरर, आणि सोडणारीच्या जागेचा नंबर. दोन्हींतलं काय ते लिहिणारीने ठरवायचं. एक मात्र आहे. एररमुळे गेलेले रन पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणारीच्या, माथी बसत नाहीत, हिटमुळे गेलेले बसतात.

त्या रविवारी मॅचची शेवटची पाळी होती. आमची पिचर, जिला सगळे डावरी म्हणतात, दोन जणींना बाद करून उभी होती. समोरच्यांच्या दोघी बेसवर. चेंडू घरंगळत सरळ माझ्या भाचीकडे गेला, सहाव्या जागेवर. तिने वाकून हातमोजा टेकवला आणि चेंडू तिच्या दोन पायांमधून निघून गेला. दोन रन. मी पेन्सिलीने लिहिलं, एरर, सहा.

पाच मिनिटांत दादा खुर्चीशी हजर. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, भाचीचा बाप. हातात थर्मासमधला चहा.

"काय लिहिलंस गं?"

"झालं ते."

"अगं, मोठ्या संघात आपल्यातली एकच घेणार आहेत. निवडणारे मॅच बघत नाहीत, वही बघतात. पोरगी दोन वर्षं पहाटे उठतेय. तू तिची सख्खी आत्या ना?"

"चेंडू सोपा होता, दादा."

"उसळला असेल. तुला इथून काय दिसणार? एक शब्द तर बदलायचा आहे. कुणाचं घोडं मारतेयस?"

कुणाचं, ते मला नेमकं माहीत होतं. डावरीच्या माथी तोवर एकच रन होता. तिची आई धुलाईच्या कारखान्यात रविवारीही कामावर असते, तिच्या बाजूने कुंपणाला नाक लावणारं कोणी नव्हतं. मी कोचकडे बघितलं. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. "स्कोअर लिहिणाऱ्याचा शब्द शेवटचा," म्हणून त्यांनी हात वर केले आणि बॅटी मोजायला लागले. त्या माणसाची मला शिसारी आली.

मग मी दादाचा चहा घेतला. खोडरबरही घेतला. एररचं हिट केलं, डावरीच्या एकाचे तीन झाले. चहा गोड होता आणि मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

बुधवारी यादी आली. भाचीचं नाव होतं. दादाने फोनवर इतका आरडाओरडा केला की मी फोन कानापासून लांब धरला.

गुरुवारी शाळा सुटल्यावर डावरी काट्याच्या केबिनमध्ये आली. पाठीवर दप्तर, हातात शंभर पानी वही.

"आत्या, रविवारचं पान दाखवता? कुठे कमी पडले ते उतरवून घेते."

नाही कसं म्हणणार? मी पान उघडलं. ती बोट ठेवत ठेवत शेवटच्या पाळीपर्यंत आली आणि थांबली. कागद तिथे खरवडलेला होता.

"मला वाटलं होतं, एरर असेल," ती म्हणाली. "पण तुम्ही खोडून हिट लिहिलंय, म्हणजे नीट विचार करूनच लिहिलं असणार. माझाच चेंडू हलका पडला."

आणि तिने डाव्या हाताने आपल्या वहीत लिहिलं: शेवटचा चेंडू हलका. चूक माझी.

"खोड ते," मी म्हटलं.

"पेनाने लिहिलंय, आत्या."

"मग दे इकडे."

तिच्याच पेनाने मी तिच्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं: चेंडू चांगला होता. चूक सहाव्या जागेची. खोटं लिहिलं ते मी. खाली सही केली. तसंच संघाच्या वहीतही लिहिलं. मग तिच्यासमोर कोचना फोन लावला. "आता कशाला उकरून काढता?" ते म्हणाले. मी सांगितलं, उद्या सकाळी वही निवडणाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार आहे, तुम्ही आलात तर तुमच्यासोबत, नाहीतर एकटी. दादा काय म्हणेल आणि भाची माझ्याशी बोलेल का, याचा विचार मी फोन ठेवल्यावर केला.

डावरीने ते दोनदा वाचलं. रडेल, भांडेल, काहीतरी करेल असं मला वाटलं. खरं तर तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. बाहेर काट्यावर ट्रक चढला आणि हॉर्न वाजवू लागला. तिने वही दप्तरात घातली, चेन ओढली आणि दारापाशी जाऊन वळली.

"येते मी, मॅडम," ती म्हणाली.