मटकीतलं काळवीट

ज्ञानेश्वरी पाच हजार मीटरला जिल्ह्यात पहिली आली. पण हे तुम्ही वाचलंच नाही, असं समजू. शर्यत अजून व्हायचीय, आणि तिचा बाप भिमाजी पाठीवर फवारणीचा पंप अडकवून बांधावर उभा आहे.

कर्जतकडच्या त्या माळावर तिच्या आईनं, विजयमालानं, लेकीसाठी अर्धा एकर राखला होता. औषधाचा थेंब नाही, खताची गोणी नाही. शेणखतावरची बाजरी, मटकी, हुलगे. ताकदीसाठी आणलेल्या डब्यातल्या पावडरीनं पोरीचं पोट गुडगुडायचं आणि ती पळता पळता बांधाआड जायची. घरची भाकरी आणि हुलग्याचं माडगं सुरू झालं, तशी ती दमायचंच विसरली. सराव करून आल्यावर विचारायची, "आई, अजून काय काम हाय का?" त्या घरात हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

अडचण एकच. शिवारातल्या एका काळविटालाही चव कळली होती. आजूबाजूची फवारलेली रानं ओलांडून ते नेमकं ह्याच मटकीत शिरायचं, आणि ज्ञानेश्वरी "हाड् हाड्" करत त्याच्यामागं माळभर पळायची. काळवीटही सेंद्रियच खायचं, त्यामुळं दिवसेंदिवस जोरात पळायचं. मग तिलाही जोर वाढवावा लागायचा. दोघांची तब्येत सुधारत चालली. मटकीची तेवढी खालावली.

"फवारतोच सगळं," भिमाजी म्हणाला. "वासानं तरी फिरकायचं न्हाई."

"अहो, पोरीची शर्यत होऊ द्या. पहिली आली तर ह्या तुकड्याला हात लावायचा न्हाई."

"आन् न्हाई आली तर?"

"तर पंप मी सोता भरून देते."

नगरच्या मैदानावर भिमाजी पंपाच्या बाजूनं बसला होता. शेवटच्या फेरीला ज्ञानेश्वरी तिसरी. पंप जिंकत आला होता. पण पोरीचा चेहरा त्याला बघवेना. दम होता, पाय होते. फक्त पुढच्या दोघींवर राग नव्हता. त्यांनी बिचाऱ्यांनी तिची मटकी खाल्ली नव्हती.

भिमाजी उठला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "ज्ञाने! मटकीत घुसलं गं!"

सगळं मैदान वळून त्याच्याकडं बघायला लागलं. ज्ञानेश्वरीनं बघितलं नाही. "हाड्!" एवढंच ऐकू आलं, आणि पुढच्या दोघी मागच्या झाल्या. फीत छातीला लागली तरी ती थांबेना. फाटकापासून धरून आणावी लागली.

"काय खाती हो पोरगी?" शेजारच्या गुरुजींनी विचारलं.

"काळवीट खातंय तेच," भिमाजी छाती फुगवून म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं पंप माळ्यावर टाकला आणि अर्ज लिहायला बसला:

"मा. वनक्षेत्रपाल साहेब, आमच्या मटकीचे नुकसान करणाऱ्या काळविटाबाबत आम्हांस भरपाई नको. मुलीची राज्यस्पर्धा पुण्यास असून सरावासाठी सदर काळवीट सोबत नेणे गरजेचे आहे. टेम्पो आमचा. डबा घरचा राहील. तरी सदर काळविटास स्पर्धा संपेपर्यंत रीतसर कार्यमुक्त करण्यात यावे, ही नम्र विनंती."