पाच ठिपक्यांचं फूल

"काकू, लोकेशन आणि डेट नसेल तर हे ठेवता येणार नाही," वनस्पतींच्या संग्रहाचं काम बघणारी सावनी म्हणाली. "डिसकार्ड करावं लागेल. सॉरी."

सुवर्णाबाईंचा चिमटा हवेतच थांबला. मोरेश्वर गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून त्या अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात वाळलेली झाडं कागदावर चिकटवायला येत. फुकट काम, पण हात चालत राहायचे. आज समोर होतं ते नवऱ्यानं आणलेलं शेवटचं रोप. मोहावेच्या वाळवंटातलं, वीतभर, जास्वंदीच्या कुळातलं. फिक्या गुलाबी पाच पाकळ्या, प्रत्येकीच्या बुडाशी लाल ठिपका. मार्चमध्ये रोप आणलं, मे महिन्यात माणूस गेला. गठ्ठा दोन वर्षं गराजमध्ये पडून होता.

मोरेश्वर इंजिनिअर, पण रिटायर झाल्यावर झाडांचं वेड लागलं ते लागलंच. दर वसंतात वाळवंट ठरलेलं. बाई सोबत जायच्या, पण गाडीतून उतरायच्या नाहीत. "त्या फुफाट्यात काय बघायचंय? मी इथेच बरी," म्हणून एसी लावून खुशाल डुलकी काढायच्या. आता जागा कुठली ते सांगणार कपाळ!

"काकांनी कुठे लिहून नव्हतं ठेवलं?"

"अगं, तो माणूस किराण्याच्या यादीवरसुद्धा तारीख घालायचा," असं म्हणता म्हणता त्या उठल्या.

रोप ज्या कागदात दाबलं होतं, तो मघाशी त्यांनीच रद्दीच्या डब्यात टाकला होता. महाराष्ट्र मंडळाच्या अंकातलं शब्दकोड्याचं पान. कडेची पेन्सिलीची गिचमीड त्यांना कोड्याची उत्तरं वाटली होती. पान शोधून त्यांनी टेबलावर सरळ केलं. सावनीला मराठी बोलता येई, वाचता येत नसे. बाई वाचत गेल्या, ती टाइप करत गेली.

"बार्स्टोच्या पूर्वेला चौदा मैल. कोरडा ओढा, डावा काठ. बारा मार्च."

"परफेक्ट. आणि सोबत तुम्ही, राइट?"

"मी कुठली? मी गाडीत झोपले होते."

"पण काकांच्या आधीच्या सगळ्या शीट्सवर तुमचं नाव आहे," सावनीनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "एक्केचाळीस. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

बाईंनी पुन्हा पानाकडे पाहिलं. कोड्याच्या अगदी खाली एक ओळ राहिली होती. सोबत : सुवर्णा.

"उतरले नाही गं मी. एकदाही नाही," त्या म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटलं.

मग त्यांनी डोळे पुसले, रोप चिकटवलं, खाली लेबल लावलं. डिंक सुकायला तासभर लागतो. सावनीनं खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत. तासभर त्या फुलापाशी उभ्या राहिल्या.